आत काय राहिलं?

झाशीच्या बडा बाजारात ट्यूबलाइटची पेटी उतरवताना एका हमालाच्या उजव्या तळहातात काच शिरली, असं समजू. माणूस काल्पनिक आहे. पण किल्ल्याखालच्या या जुन्या शहरात, जिथे दुकानाचा माल पायरीवरून रस्त्यावर येतो आणि रस्ता दुकानात शिरतो, तिथे असा प्रसंग रचायला डोकं फारसं चालवावं लागत नाही. हमाल हाताला गमछा गुंडाळून कॅज्युअल्टीत पोचतो. ड्यूटीवरचा डॉक्टर तुकडा काढतो, जखम धुतो, चार टाके घालतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो आणि केसपेपरवर एक ओळ खरडतो: ‘सी.एल.डब्ल्यू. तळहात, एफ.बी. काढली, टाके, टी.टी.’ तोवर पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

उपचारात खोट काढण्यासारखं काही नाही. नोंद मात्र जवळपास प्रत्येक शब्दाला गळते. कोणता तळहात? जखम किती लांब, किती खोल? एफ.बी., म्हणजे बाहेरून शरीरात शिरलेली वस्तू, ती कशाची होती? एक तुकडा निघाला की तीन? काढल्यावर एक्स-रे घेतला का? बोटं वाकत होती का, बोटांच्या टोकांना स्पर्श कळत होता का? आणि हे घडलं कुठे, काय करताना?

पहिलीच तीन अक्षरं घ्या. सी.एल.डब्ल्यू. म्हणजे कंट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, ठेचून फाटलेली जखम. आपल्याकडच्या इस्पितळांत ही अक्षरं इतकी अंगवळणी पडली आहेत की टाके घालावे लागणारी कोणतीही जखम सी.एल.डब्ल्यू. होते. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात मात्र बोथट वस्तूनं फाटलेली जखम वेगळी आणि धारदार वस्तूनं कापलेली वेगळी. पहिलीच्या कडा वेड्यावाकड्या असतात, भोवती मुकामार दिसतो, आत ऊतींचे धागे आरपार राहिलेले असतात. दुसरीच्या कडा साफ असतात. काच कापते. म्हणजे हमालाच्या केसपेपरवर डॉक्टरनं नकळत लाठीची जखम लिहून ठेवली. अपघातात त्यानं फारसं बिघडत नाही. पण हीच काच कुणी भांडणात फोडून मारली असती, तर काही महिन्यांनी कोर्टात उलटतपासणी करणाऱ्या वकिलानं तीन अक्षरांवर बोट ठेवून विचारलं असतं की डॉक्टरसाहेब, काचेनं ठेचलं कसं?

या ओळीचं पुढे जे होतं त्याला कोडिंग म्हणतात. रोग, इजा आणि त्यांची कारणं यांना अक्षरं-अंकांची खूण देणारी एक जागतिक यादी आहे. आयसीडी या नावानं ती ओळखली जाते आणि जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. भारतात मृत्यूच्या कारणांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांची वर्गवारी तिच्यानुसार होते. अमेरिकेनं त्याच आवृत्तीवर स्वतःचं पुष्कळ बारीक रूप बेतलं, आयसीडी-१०-सीएम, आणि ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलं. त्या एका दिवसात निदानांच्या खुणा सुमारे १४ हजारांवरून ६८ हजारांच्या पुढे गेल्या. पोपट चावल्याचीही वेगळी खूण त्यात आहे, म्हणून तिची बरीच थट्टा झाली. पण पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे हजारो तरुण रोज ज्या केसपेपरांवर काम करतात ते अमेरिकेचे असतात. त्यामुळे या बारीक यादीवर जीवशास्त्राचे, फार्मसीचे, फिजिओथेरपीचे, होमिओपॅथीचे कितीतरी पदवीधर पोट भरतात.

आता हमालाचा तळहात दोन्ही याद्यांत घालून पाहू. जागतिक यादीत मनगट आणि हाताच्या उघड्या जखमा एस ६१ या शीर्षकाखाली येतात. बोटांच्या जखमांना वेगळा अंक आहे. तळहाताची जखम ‘हाताचे इतर भाग’ म्हणून एस ६१.८ मध्ये जाते. उजवा की डावा हे ती विचारत नाही. आणि गंमत अशी की उघड्या जखमेच्या व्याख्येतच ती कापलेली, फाटलेली, भोसकलेली, चावलेली आणि ‘आत वस्तू शिरलेली’ असे सगळे प्रकार एकत्र बांधते. काच आत होती की नव्हती, एस ६१.८ वरून कळत नाही. काच उरते फक्त कारणाच्या खुणेत: डब्ल्यू २५, म्हणजे धारदार काचेशी संपर्क. त्यापुढचा अंक स्थळ सांगतो. ५ म्हणजे दुकान, बाजार, व्यापाराची जागा. ४ म्हणजे रस्ता. घाईच्या दवाखान्यात कारण लिहायचं राहून गेलं, तर आकडेवारीतून काच साफ नाहीशी होते आणि हाताला नुसतीच एक जखम उरते.

अमेरिकी यादी वेगळी विचारते. जखम फाटलेली-कापलेली की टोचलेली, आत वस्तू होती की नव्हती, उजवा हात की डावा, आणि उपचार चालू आहे की पुढची भेट आहे की जुन्या जखमेचा परिणाम. या सगळ्यांची उत्तरं एकाच खुणेत बसतात. उजव्या हाताची, आत वस्तू असलेली कापलेली जखम, उपचार चालू असताना: एस ६१.४२१ए. तिच्यातला मधला २ खोडून १ केला की वस्तू गायब. शेवटचा १ चुकून २ झाला की हात बदलला. टोचलेल्या जखमेचं तसंच. उजव्या पावलात खिळा घुसून आत काही राहिलं, तर एस ९१.३४१ए, आत काही नसेल तर एस ९१.३३१ए. अमेरिकेत स्थळाची खूण निराळी जोडतात आणि तिच्यातही दुकान-बाजार एकीकडे, रस्ता दुसरीकडे. बडा बाजारातल्या हमालाला काच नेमकी कुठे लागली, दुकानात की रस्त्यावर, हे ठरवायला त्या कोडरला इथे येऊन उभं राहावं लागेल, आणि तरी उत्तर मिळेलच असं नाही.

खिळ्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण त्यात खिळा हा बहुतेक वेळा खरा गुन्हेगार नसतो. खिळा येतो आणि उपसला जातो. पण तो चपलेच्या किंवा कॅनव्हासच्या बुटाच्या तळातून पार जातो तेव्हा रबराचा, फोमचा, कधी मोज्याचा बारीक चकता कापून आत घेऊन जातो. खिळा बाहेर, चकता आत. त्या ओलसर तळात वाढणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू हाडापर्यंत पोचला, तर काही दिवसांनी पाऊल सुजतं आणि कुणाला कळत नाही का. ‘खिळा लागला, काढून आला’ एवढ्या नोंदीत चप्पल होती का अनवाणी होता, हा प्रश्नच येत नाही. तो विचारणारा डॉक्टर मला अधिक हुशार वाटतो.

आत काय आहे हे शोधायचं साधन वस्तूवर ठरतं. काच एक्स-रेत दिसत नाही अशी समजूत अजून ऐकू येते. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्या प्रकारची काच दिसते, अगदी दोन मिलिमीटरचा तुकडाही सहसा दिसतो, फक्त फिल्म दोन बाजूंनी काढायला हवी. खडी दिसते, धातू तर दिसतोच. लाकूड, बाभळीचा काटा, कापड, प्लास्टिक, रबर यांच्याबाबतीत मात्र एक्स-रे बहुधा फसवतो. तिथे सोनोग्राफी कामाला येते. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांना, वस्तू कशाची होती हे शेजारी लिहिल्याशिवाय काडीचा अर्थ नाही. काचेच्या बाबतीत ते आश्वासन आहे, काट्याच्या बाबतीत नाही.

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसावा अध्याय शरीरात हरवलेल्या शल्याच्या शोधाला आणि सत्ताविसावा ते काढण्याला दिलेला आहे. त्वचेत दडलेलं शल्य कसं शोधावं? त्वचेवर थिजलेलं तूप, माती किंवा चंदनाचा लेप द्यावा. जिथे तूप लवकर पाघळेल किंवा लेप लवकर सुकेल, तिथे आतल्या दाहाची ऊब आहे, तिथे शल्य आहे. शिरा-स्नायूंत दडलं असेल तर रुग्णाला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत रस्त्यानं वेगानं न्यावं आणि दुखेल ती जागा धरावी. (यासाठी खास रस्ता शोधायची गरज आजही पडणार नाही.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुश्रुत वस्तूंची वर्गवारी करतो ती त्यांच्या पुढच्या वागण्यावरून. सोनं, रुपं, तांबं, पितळ, कथील, शिसं ही फार काळ आत राहिली तर शरीराच्या उष्णतेनं विरतात, असं त्याचं मत. शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड, भाजलेली माती ही मात्र आत जशीच्या तशी राहतात. काढण्याच्या पंधरा उपायांत लोहचुंबक आहे. अवजारं एकशे एक, त्यांत कंकपक्ष्याच्या चोचीसारखा चिमटा सगळ्यांत वरचा.

धातूंबद्दलचं त्याचं मत आज पूर्णपणे टिकत नाही. पण आता अमेरिकी यादीतला झेड १८ हा गट पाहा. हा शरीरात राहून गेलेल्या तुकड्यांचा गट. झेड १८.११ चुंबकाला धरणारा धातू, झेड १८.१२ न धरणारा, झेड १८.२ प्लास्टिक, झेड १८.३१ प्राण्याचा काटा, झेड १८.३२ दात, झेड १८.३३ लाकूड, झेड १८.८१ काच, झेड १८.८३ दगड. किरणोत्सर्गी तुकड्यांना तर सगळ्यांत आधीचा मान. दोन्ही याद्या करणाऱ्यांना एकच प्रश्न पडला होता: हे आत राहिलं तर पुढे काय करील? चुंबकाला धरणाऱ्या धातूचा वेगळा अंक एमआरआयच्या भीतीपोटी आहे. डोळ्यात लोखंडाचा कण घेऊन माणूस त्या यंत्रात गेला, तर कण हलून दृष्टी जाऊ शकते.

डोळ्याजवळ जरा थांबायला हवं, कारण कोडिंगची सगळ्यांत महागडी चूक तिथे होते. डोळ्याच्या बुबुळावर ग्राइंडरची ठिणगी येऊन चिकटली, तर ती जखमेच्या प्रकरणात येत नाही. ती टी १५.०, कॉर्नियावरची वस्तू. नाकात मणी गेला तर टी १७.१, कानात गेला तर टी १६. शरीराच्या स्वाभाविक दारांतून गेलेल्या वस्तूंचं हे वेगळं दालन. पण तीच ठिणगी बुबुळ भेदून आत गेली, की ती एस ०५.५, नेत्रगोलाची वस्तूसह भेदक जखम. दोन्ही खुणांमध्ये फरक आहे तो अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्याचा. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला पोलादाचा कण इतक्या वेगानं जातो की डोळा लाल होतो, जरासं खुपतं, नजर सुरुवातीला ठीक असते. रुग्ण म्हणतो ‘काहीतरी गेलं होतं, आता बरं आहे’ आणि केसपेपरवर येतं ‘डोळ्यात कण, थेंब दिले’. लोखंड मग महिनोन्महिने आत गंजत राहतं, गंज दृष्टिपटलावर चढतो आणि नजर मंदावत जाते. ‘हातोडा मारताना’ हे दोनच शब्द लिहिले असते, तर पुढच्या कोणत्याही डॉक्टरनं एक्स-रे किंवा सीटी मागितला असता.

याच शहरात जखमांच्या नोंदीचा एक मोठा धडा १८५८ साली घडला. नारो शंकरांनी १७४२ च्या सुमारास झाशीची सुभेदारी घेतल्यावर किल्ला वाढवला आणि त्याच्या पायथ्याशी शहर वसवलं. हे तेच नारो शंकर, ज्यांचं घंटेचं देऊळ नाशिकला गोदावरीकाठी आहे. पुढे नेवाळकर घराण्याच्या काळात शहर भरलं. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज फौज घेऊन वेढा घालायला पोचला, १ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोपेंच्या फौजेचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला पहाटे तटाला शिड्या लागल्या. वरून बंदुकीच्या गोळ्या तर आल्याच, पण दगड, लाकडाचे ओंडके, दारूनं भरलेली मडकीही आली. मुंबईच्या इंजिनियर पलटणीचे डिक आणि मिकलजॉन हे दोन लेफ्टनंट तटावर मारले गेले. फॉक्स नावाच्या अधिकाऱ्याच्या मानेतून गोळी गेली, बोनस नावाचा दुसरा अधिकारी दगड की ओंडका लागून खाली फेकला गेला. ही नावं आपल्याला आज ठाऊक आहेत, कारण ब्रिटिश फौजेत जखमी अधिकाऱ्यांची नावनिशीवार यादी वर पाठवण्याची शिस्त होती. त्यात जखम हलकी, भारी की धोक्याची हेही लिहीत. मद्रास सॅपर्ससोबत असलेला थॉमस लो हा डॉक्टरच होता आणि त्यानं या मोहिमेवर १८६० साली लंडनमध्ये पुस्तक छापलं.

शहरातल्या रयतेच्या जखमांना असा रकाना नव्हता. त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते वरसईहून उत्तरेत द्रव्यार्जनासाठी निघालेल्या आणि वेढ्यात सापडलेल्या विष्णुभट गोडशांकडून. त्यांचा ‘माझा प्रवास’ त्या घटनांनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिला गेला आणि चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. एका भिक्षुकानं आठवणीतून लिहिलेली कहाणी ही एका बाजूची मोठी नोंद, तर दुसऱ्या बाजूला पलटणीच्या याद्या. मेलेल्या नागरिकांच्या आकड्यांत मग प्रत्येक लेखकाचा अंदाज वेगळा असला, तर नवल काय?

राणी लक्ष्मीबाईंच्या शेवटच्या जखमांचंही तसंच झालं. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथे त्या पडल्या. दिवस १७ की १८, यावर मतभेद आहेत. एका इंग्रजी टिपणात पाठीत गोळी आणि मग तलवारीचा वार असं येतं. इतर कथनांत डोक्यावरचा वार प्रमुख होतो. अग्निसंस्कार तातडीनं झाला आणि तोच योग्य होता, कारण देह शत्रूच्या हाती लागू द्यायचा नव्हता. पण त्यामुळे गोळी कुठून आली, आत राहिली का, प्राण गोळीनं गेले की तलवारीनं, याचं उत्तर कुठल्याही कागदावर नाही. प्रत्येकानं आपापल्या राणीला आपापली जखम दिली.

त्या काळी गोळी शोधायची ती बोटानं किंवा सळईनं. शिशाची गोळी अंगरख्याचा तुकडा, कमरपट्ट्याचं कातडं बरोबर आत नेत असे आणि जखम सडायची ती बहुधा या चिंध्यांपायी. १८६२ साली इटलीत गॅरिबाल्डीच्या घोट्यात गोळी गेली. नामांकित डॉक्टर आत गोळी आहे की नाही यावर आठवडेच्या आठवडे वाद घालत बसले. शेवटी नेलातॉन या फ्रेंच शल्यवैद्याची, टोकाला झिलई नसलेली चिनी माती बसवलेली सळई आत घातली; तिच्यावर शिशाचा डाग उमटला आणि नोव्हेंबरात गोळी निघाली. मला तो डाग आवडतो. आत धातू आहे याचा, कुणाच्याही मताशी संबंध नसलेला तो पुरावा होता. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला एक्स-रे सापडले आणि दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर यांनी वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरांत एक्स-रेचं यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या.

यादी करण्याची गरजही लढाईतूनच आली, असं म्हणायला हवं. क्रिमियातून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सांख्यिकी परिषदेपुढे इस्पितळांच्या नोंदींचे एकसारखे नमुने मांडले. त्यांना विल्यम फारची साथ होती. मृत्यूच्या कारणांची जागतिक यादी पॅरिसच्या जाक बर्तियाँनं १८९३ साली मांडली. पण ती मेलेल्यांची यादी. जिवंत माणसाच्या आजार-इजांना तिच्यात पुरती जागा मिळाली ती १९४८ साली, सहाव्या आवृत्तीत. तळहातात काच गेलेला हमाल त्याआधी मोजला जायचा तर त्याला धनुर्वातानं मरावं लागलं असतं.

भारतात मात्र जखमेच्या नोंदीची खरी परीक्षा एमएलसी रजिस्टरमध्ये होते, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या प्रकरणांत. तिथे कोड दुय्यम, वर्णन मुख्य. गावठी कट्ट्याचे छर्रे लागलेला माणूस आला, तर डॉक्टरनं प्रत्येक भोक मोजावं, जवळच्या ठरलेल्या हाडापासून अंतर लिहावं, कडा आत वळल्यात की बाहेर, भोवती काजळी आहे का, दारूचे कण त्वचेत रुतलेत का हे लिहावं. ‘गोळी शिरल्याची जागा’ आणि ‘बाहेर पडल्याची जागा’ असा निकाल घाईनं देऊ नये. मोठं भोक म्हणजे बाहेर पडण्याचं हा सोयीस्कर समज पुष्कळदा उलटतो. काढलेली गोळी दातेरी धातूच्या चिमट्यानं पकडू नये. टोकाला रबर लावलेला चिमटा वापरावा. गोळीच्या अंगावर बंदुकीच्या नळीनं उमटवलेल्या रेघा हीच तिची ओळख. तिच्यावर आणखी एक ओरखडा ओढला की प्रयोगशाळेतला जाणकार अडचणीत येतो. खूण करायचीच तर बुडावर. मग कोरडी करून, कापसात ठेवून, डबी सील करून, पोलिसांची पोच घेऊन द्यायची. पोच केसपेपरला लावली नाही, तर गोळी डॉक्टरच्या ताब्यातच आहे असं कुणीही म्हणू शकतो.

कायद्यानं या नोंदींना आणखी एक कडी लावली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. त्यांतल्या आठव्यात, रोजचे व्यवहार न करता येण्याचा काळ आता पंधरा दिवसांचा आहे. जुन्या दंडसंहितेत तो वीस दिवसांचा होता. हातात राहिलेल्या तुकड्यामुळे जखम पिकून हमाल सोळा दिवस घरी बसला, तर मारहाणीचं प्रकरण साध्या दुखापतीतून गंभीर दुखापतीत जाऊ शकतं. आणि तुकडा पहिल्या दिवशी होता हे सिद्ध करायला पहिल्या दिवसाचा केसपेपरच लागतो.

तुकडा मुद्दाम आत ठेवणं हाही उपचारच असतो, हे रुग्णाला पटवणं कठीण जातं. छर्रा नसेच्या किंवा रक्तवाहिनीच्या जवळ असेल, तर तो शोधण्याच्या नादात होणारं नुकसान जास्त. स्नायूत पडलेलं शिसं शरीर धाग्यांच्या आवरणात गुंडाळून टाकतं आणि माणूस निवांत जगतो. तेच शिसं सांध्यात असलं, तर सांध्यातल्या द्रवात विरघळून रक्तात उतरू शकतं आणि काही वर्षांनी पोटदुखी, रक्तक्षय अशा भलत्याच वाटेनं दिसतं. म्हणून ‘आत राहू दिला’ हा निर्णय ठिकाण, आकार, कारण आणि रुग्णाला सांगितल्याची नोंद यांसह लिहावा लागतो. जागतिक यादीत अशा मऊ ऊतीतल्या जुन्या तुकड्याला एम ७९.५ ही खूण आहे. शस्त्रक्रियेत विसरलेल्या कापसाच्या बोळ्याची खूण अगदी निराळी, टी ८१.५, आणि कोडरनं गोंधळून ती लावली तर इजेचं खापर बाजारातल्या काचेवरून शल्यवैद्यावर फुटतं.

पैशांचा हिशेब उपचारांच्या खुणांवर चालतो, आणि अमेरिकी पद्धतीत तो मोजपट्टीनं चालतो. हातापायावरची साधी शिवण २.५ सेंटिमीटरपर्यंत १२००१ या क्रमांकात, २.६ झाली की १२००२. वस्तू काढण्यासाठी १०१२० हा क्रमांक आहे, पण त्यासाठी त्वचा कापावी लागली असं लिहिलेलं हवं. चिमट्यानं वरच्यावर उचललेली काच त्यात बसत नाही. ती स्नायूत किंवा कंडरेच्या वेष्टनात असेल तर २०५२०. रस्त्यावर घासटून आलेल्या जखमेतून खडीचे कण बराच वेळ खरवडून काढले असतील, तर एकाच थराची शिवणही वरच्या दर्जाची धरतात. अर्थात तो खटाटोप लिहिलेला असेल तर. ते कण राहिले तर त्वचेवर कायमचं निळसर गोंदण उरतं, ही रुग्णाची बाजू. आपल्याकडे आयुष्मान भारतसारख्या योजना पॅकेजांचे स्वतःचे क्रमांक वापरतात, त्यामुळे एवढी सेंटिमीटरची कसरत नाही. पण ‘जखम मोठी’ या दोन शब्दांवर तिथेही कुणाचं भागत नाही.

जागतिक यादीच्या ११ व्या आवृत्तीनं, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, खुणा जोडून वाक्य बनवायची सोय केली आहे. जखमेच्या मूळ खुणेला बाजू, वस्तू, कारण अशा एक्सनं सुरू होणाऱ्या जोडखुणा लावायच्या. तिच्याच एका भागात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी निदानांनाही जागा मिळाली. तो भाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत जाहीर झाला. सोय कितीही वाढली तरी एक मर्यादा तशीच आहे. पुण्यात बसलेला कोडर जखम पाहत नाही, रुग्णाशी बोलत नाही आणि त्याला अंदाज करायची परवानगी नसते. ‘एफ.बी. काढली’ यावरून तो काच लिहू शकत नाही, उजवा हात लिहू शकत नाही, आत काही उरलं नाही हेही लिहू शकत नाही. त्याच्या हातात एकच उपाय: डॉक्टरला विचारणा पाठवणं. तिचेही नियम कडक आहेत. ‘तुकडा पूर्ण निघाला होता ना?’ असं सुचवणारं विचारायचं नाही. ‘काढलेल्या वस्तूचं स्वरूप आणि उरलेल्या भागाची स्थिती स्पष्ट करावी’ असं मोकळं विचारायचं. विचारणा पोचते तेव्हा आठवडा उलटलेला असतो आणि डॉक्टरनं मधल्या काळात किती हात शिवले याचा त्यालाच पत्ता नसतो. आठवलं तर तो पुरवणी नोंद करतो. ती त्या दिवसाच्या तारखेनं आणि वेळेनंच होते. मूळ ओळीवर व्हाइटनर लागत नाही. चूक असेल तर एक रेघ मारून, शेजारी सही आणि तारीख घालून ती ओळ वाचता येईल अशीच ठेवावी लागते.